फोमच्या चटईतून हॅलोविनचं चिलखत
मुलांच्या खोलीत अंथरतात त्या, एकमेकींत अडकवायच्या 10 मिमी ईव्हीए फोमच्या चटया घ्या. योगा मॅट नको, ती आकार धरत नाही. अंगात घातलेल्या जुन्या टी-शर्टवर क्लिंग फिल्म (अन्न झाकायचं पातळ प्लास्टिक), त्यावर चिकटपट्टी गुंडाळून तुकडे आखा आणि पाठीतून कापून सोडवा, बेतणी तयार. फोम कापताना ब्लेड वरचेवर बदला, बोथट झालं की कड दातेरी निघते. हीटगनने (गरम हवा सोडणाऱ्या यंत्राने) तापवून बाक आधीच द्या; नंतर तापवलं तर गोंद सुटतो. काँटॅक्ट अ‍ॅडहेसिव्ह दोन्ही कडांना लावून, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबा, मगच जोडा. रंगाआधी पातळ फेव्हिकॉलचे 3-4 हात हवेतच, नाहीतर फोम रंग पितो. काम खिडकी उघडून करा. आणि भोपळ्यांतल्या मेणबत्त्यांपासून लांब राहा, हा फोम पेटतो.