डेंटल अ‍ॅनाटॉमीचं पहिलं वर्ष : दात हातात कसा बसतो

बीडीएसला, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदवीला, नव्याने आलेल्यांचा पहिल्या महिन्यातला प्रश्न ठरलेला असतो: फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री ठीक आहे, पण एका दातावर एवढं काय शिकायचं? बारावीपर्यंत दात म्हणजे दुधाचे २०, पक्के ३२, आणि पटाशीचे दात, सुळे, उपदाढा, दाढा. इथे त्याच दाताला पाच बाजू, मिलिमीटरमधली मापं आणि आईच्या पोटातल्या सहाव्या आठवड्यापासूनचा इतिहास. मग मुलं तक्ते घोकायला बसतात आणि स्पॉटरच्या, म्हणजे ठेवलेला नमुना ओळखायच्या परीक्षेच्या, दिवशी ट्रेमधला दात उलटा धरून उभी राहतात. तक्ता नंतर. आधी दोन प्रश्नांची सवय लावा: मी दाताकडे कुठून बघतोय, आणि दाताचा हा भाग केव्हा तयार झाला?

बाजूंपासून सुरू करू. जबड्याच्या मधल्या रेषेकडची बाजू मीझियल, तिच्यापासून लांबची डिस्टल. ओठाकडची लेबियल, गालाकडची बकल, जिभेकडची लिंग्वल, आणि वरच्या जबड्यात टाळूकडची पॅलेटल. डावं-उजवं नेहमी पेशंटचं धरायचं. एफडीआय या दातांना नंबर देण्याच्या पद्धतीत पहिला आकडा चौकडीचा: वरची उजवी १, वरची डावी २, खालची डावी ३, खालची उजवी ४. दुधाच्या दातांना त्याच क्रमाने ५ ते ८. दुसरा आकडा म्हणजे मधल्या रेषेपासून कितवा दात. ३६ हा ‘छत्तीस’ नव्हे, ‘तीन-सहा’. व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, यावरून टोकतात ते उगाच नाही. अमेरिकेतल्या युनिव्हर्सल पद्धतीत दात सलग १ ते ३२ मोजतात, आणि तिथला ‘अकरा’ हा वरचा डावा सुळा. आपला एक-एक म्हणजे वरचा उजवा मधला पटाशीचा दात. नंबर तोच आणि दात भलताच, अशी चूक कागदावर एका मार्काची असते. हातात फोर्सेप, म्हणजे दात काढायचा चिमटा, असताना तिची किंमत वेगळी.

दात ओळखताना क्रम मोडू नका. आधी पुढचा की मागचा, मग वरचा की खालचा, मग कितवा, आणि डावा-उजवा सगळ्यात शेवटी. बहुतेक जण डाव्या-उजव्यावर उडी मारतात आणि तिथेच फसतात.

खालची पहिली दाढ घ्या. मुळं दोन, एक मीझियल आणि एक डिस्टल, म्हणजे दाढ खालची. वरचीला तीन असती: गालाकडे दोन, टाळूकडे एक. आता मुळं खाली ठेवून वरून बघा. एका बाजूला तीन उंचवटे, म्हणजे कस्प, दुसऱ्या बाजूला दोन. तीनवाली बाजू गालाकडची. त्या तिनांतला एक बाकीच्यांपेक्षा लहान असतो, तो डिस्टल. आता गालाकडची बाजू स्वतःकडे करून दाढ तोंडात उभी असते तशी धरा. लहान कस्प तुमच्या उजवीकडे आला तर तीन-सहा, डावीकडे आला तर चार-सहा. कारण साधं आहे: माणसाच्या डाव्या गालाकडून बघितलं की त्याचं नाक तुमच्या डावीकडे येतं, म्हणजे मीझियलही डावीकडेच. हे एकदा रूममेटला खुर्चीत बसवून बघा, पुन्हा पाठ करावं लागणार नाही.

वरच्या मधल्या पटाशीच्या दाताला खूण कोपऱ्यांत असते. मीझियल कोपरा जवळजवळ काटकोनी, डिस्टल कोपरा गोलसर. हिरडीकडची रेषाही मीझियल बाजूला जास्त वाकलेली, ३.५ मिमी, डिस्टलला २.५. खालचा मधला पटाशीचा दात मात्र दोन्हीकडून इतका सारखा असतो की डावा-उजवा ठरवताना भलेभले अडखळतात. त्याच्यावर पहिल्याच आठवड्यात डोकं फोडू नका.

कोणता दात काय करतो हे कळायला जेवणाचं ताट पुरतं. कडक भाकरीचा तुकडा शेंगा चटणीला लावून खाताना लक्ष द्या: तुकडा कुठे तुटतो, कुठे फाटतो, आणि चटणीतला शेंगदाण्याचा कण शेवटी कोणत्या खाचेत जाऊन बसतो. तीच ती दाढेवरची खाच. किडीची सुरुवातही पुष्कळदा तिथेच होते.

खरे काढलेले दात अभ्यासाला लागतातच. सिनियरकडून डबा मिळाला तरी त्यातले दात निर्जंतुक केलेत का, हे आधी विचारा. शिकायला वापरायचे दात ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून, काढतात, साधारण ४० मिनिटांचं चक्र. चांदी भरलेला, म्हणजे अमाल्गमचा दात ऑटोक्लेव्हमध्ये घालायचा नाही, पाऱ्याची वाफ होते. तसे दात १० टक्के फॉर्मेलिनमध्ये दोन आठवडे ठेवतात. कोरडे पडलेले दात तडकतात आणि तडकलेल्या रेषेला मुलं खाच समजून जर्नलमध्ये काढतात.

आता कार्व्हिंग, म्हणजे मेणातून दात कोरणं. वर्ष इथेच घसरतं. काही ठिकाणी मूळ मापात कोरायला सांगतात, काही ठिकाणी दुप्पट, तिप्पट. आधी विचारून घ्या. वरचा मधला पटाशीचा दात दुप्पट करायचा असेल तर मापं अशी: क्राउन (तोंडात दिसणारा भाग) २१ मिमी, मूळ २६, म्हणजे एकूण ४७. मीझियल-डिस्टल रुंदी १७, हिरडीजवळ १४. ओठाकडून जिभेकडे जाडी १४, हिरडीजवळ १२.

मेणाच्या ब्लॉकवर चारही बाजूंना आधी मधली रेषा आणि क्राउन-मुळाची सीमा आखा. मग फक्त लेबियल बाजूची आकृती काढा आणि तिच्या बाहेरचं मेण सरळ आरपार कापा. दोन्ही बाजूंच्या आकृत्या एकदम काढून ठेवणारे इथे हात चोळत बसतात, कारण पहिली बाजू कापताना दुसरी आकृती मेणाबरोबरच निघून जाते. लेबियल कापून झाल्यावर नव्या पृष्ठभागावर मीझियलची आकृती काढायची. तिच्यात दोन गोष्टी जपा: पटाशीची धार मुळाच्या मधल्या रेषेवर यायला हवी, आणि ओठाकडचा व जिभेकडचा फुगवटा दोन्ही क्राउनच्या हिरडीलगतच्या एक-तृतीयांश भागात. तीही कापली की हातात चौकोनी ठोकळ्यासारखा दात येतो. घाबरू नका, तो तसाच दिसायला हवा.

यानंतर कोपरे मोडायचे. जिभेकडची बाजू ओठाकडच्या बाजूपेक्षा अरुंद असते, म्हणून मागचे दोन कोपरे जास्त घासावे लागतात. हिरडीजवळचा आडवा छेद गोल कोपऱ्यांचा त्रिकोण दिसेपर्यंत घासा. हिरडीची रेषा लेबियल आणि लिंग्वल बाजूला मुळाकडे वाकते, मीझियल-डिस्टल बाजूला धारेकडे. ही रेषा चारही बाजूंना सरळ आखलेला दात परीक्षकाच्या नजरेत पहिल्या झटक्यात भरतो, आणि चांगल्या अर्थाने नाही. मागचा खोलगट भाग सगळ्यात शेवटी. सिंग्युलम, म्हणजे जिभेकडच्या बाजूचा हिरडीजवळचा उंचवटा, अगदी मध्ये नसतो, किंचित डिस्टलकडे सरकलेला असतो.

लेक्रॉन कार्व्हर, म्हणजे मेण कोरायचं हत्यार, पेनासारखा धरा, अंगठ्याचा आधार मेणावर ठेवा, आणि पातळ सालं काढत जा. जोर लावून तुकडा उडवायला गेलात की दात हिरडीच्या रेषेवर मोडतो, कारण तिथे तो क्राउनपेक्षा बारीक असतो. मोडल्यावर वितळलेलं मेण लावून जोडता येतं, पण ते पूर्ण थंड होऊ द्या, नाहीतर कार्व्हर लावताच जोड उचकटतो. सालं काढता काढता दात लहान होत जातो, हा दुसरा रोग. दर दहा मिनिटांनी पट्टी लावा. कापलेलं मेण परत येत नाही.

सोलापूरच्या उन्हाळ्याचा हिशोब वेगळा करावा लागतो. पारा चाळिशीच्या पुढे गेला की मेण बोटांच्या ठशांनी भरतं आणि धारा गोल होतात. टेबलावर माठातल्या पाण्याची वाटी ठेवा आणि मधूनमधून ब्लॉक बुडवा. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, जानेवारीतल्या सकाळी, तेच मेण ठिसूळ होतं. तेव्हा सुरुवातीला ते थोडा वेळ तळहातात धरा. चकाकी आणायला साबणाच्या पाण्यात भिजवलेलं मऊ कापड पुरतं. दिव्याच्या ज्योतीवरून दात फिरवला की चकाकी येते खरी, पण तासभर कोरलेल्या कडा दोन सेकंदांत वितळतात.

दुधाचे दात म्हणजे पक्क्या दातांची छोटी आवृत्ती, ही समजूत लवकर सोडा. त्यांचा रंग निळसर पांढरा, एनॅमल (दाताचं बाहेरचं कडक आवरण) पातळ, आणि आतली नस मानाने मोठी. तिची टोकं, विशेषतः मीझियल बाजूची, वरपर्यंत चढलेली असतात, म्हणून छोटी दिसणारी कीड झपाट्याने नसेपर्यंत पोहोचते. दुधाच्या दाढांची मुळं बाहेर फाकलेली असतात, कारण त्यांच्या मधोमध उपदाढेचा अंकुर बसलेला असतो. वरचा मधला दुधाचा दात उंचीपेक्षा रुंद, उंची ६ मिमी तर रुंदी ६.५. दुसरी दुधाची दाढ पक्क्या पहिल्या दाढेसारखी दिसते, स्पॉटरला हमखास ठेवतात. खालच्यात फरक असा: दुधाच्या दाढेचे गालाकडचे तीन कस्प जवळपास सारखे, पक्क्या दाढेत डिस्टल लहान.

आता दुसरा प्रश्न: केव्हा? गर्भाच्या सहाव्या आठवड्याच्या सुमाराला डेंटल लॅमिना, म्हणजे दात जिच्यातून घडतात ती पेशींची पट्टी, दिसते, मग अंकुराच्या बड, कॅप, बेल या अवस्था. दुधाच्या दातांत कॅल्शियम बसायला गर्भाच्या चौदाव्या आठवड्याच्या आसपास सुरुवात होते. पक्क्या पहिल्या दाढेत जन्माच्या सुमारास, वरच्या मधल्या पटाशीच्या दातात ३–४ महिन्यांनी, त्याच्या शेजारच्या दातात मात्र १०–१२ महिन्यांनी. हे आकडे नुसते पाठ केले तर महिन्याभरात उडतात. त्याऐवजी असं बघा: एखाद्या मुलाच्या एक-एकच्या धारेजवळ आणि एक-सहाच्या कस्पांवर खड्ड्यांची ओळ आहे, पण एक-दोन स्वच्छ आहे. मग ज्या आजाराने किंवा कुपोषणाने एनॅमल बिघडलं, तो काळ पहिल्या दहा महिन्यांतला, कारण तेव्हा एक-दोनला सुरुवातच झालेली नव्हती. एनॅमल बनवणाऱ्या पेशी दात उगवताना नष्ट होतात, म्हणून ती ओळ पुढे भरून येत नाही.

उगवण्याचा क्रम वयापेक्षा महत्त्वाचा. दुधाच्या दातांत मधला, बाजूचा, पहिली दाढ, सुळा, दुसरी दाढ. साधारण सहाव्या ते दहाव्या महिन्यात खालच्या मधल्या दातापासून सुरुवात, अडीच वर्षांच्या आसपास शेवट. सुळ्याआधी दाढ येते, इथेच पेपरात गडबड होते. पक्क्यांत खालचा सुळा उपदाढांच्या आधी येतो, वरचा सहसा त्यांच्या नंतर, ११–१२ व्या वर्षी. तोपर्यंत वरच्या पुढच्या दातांत फट दिसते आणि आईबाप तारेची चौकशी करतात. सुळे खाली उतरले की पुष्कळदा ती फट स्वतःच मिटते.

सोलापुरातल्या ओपीडीत हे सगळं मराठी, कन्नड आणि तेलुगू अशा तीन भाषांत विचारलं जातं. कन्नड हल्लू आणि तेलुगू पन्नू म्हणजे दात, तसंच नोवू आणि नोप्पी म्हणजे दुखणं, एवढं तरी पहिल्या वर्षीच शिकून ठेवा. वरचे दात आधी आले, मामाला जड का, असा प्रश्न येईल. हसू नका, क्रम थोडा पुढेमागे होतो एवढं सांगा. दात येताना लाळ गळणं, हिरडी शिवशिवणं चालतं. जोराचा ताप आणि जुलाब यांचं खापर दातावर फोडून बाळाला डॉक्टरकडे न्यायला उशीर करू नये, हेही सांगा.

आणि सहा वर्षांच्या मुलाची किडलेली दाढ दाखवून आई म्हणेल, दुधाचीच आहे, पडेल. तिच्यासमोर मधल्या रेषेपासून बोटाने मोजा. पाचपर्यंत दुधाचे. सहाव्या क्रमांकाची दाढ कोणाच्या जागी आलेली नसते, ती दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे लॅमिना पुढे वाढून तयार झालेली असते. म्हणून ती येताना एकही दात पडत नाही आणि घरात कोणाला कळतही नाही. सहा आलं की सांगा: ही पक्की आहे, हिच्या जागी दुसरी येणार नाही, आजच भरून घ्या.