वांग आलेत? आधी हातातली ती ट्यूब उलटी करून वाचा

तिशीनंतर, बाळंतपणानंतर किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना दोन्ही गालांवर, कपाळावर, ओठांच्या वर तपकिरी डाग उठतात ना, तेच वांग. डॉक्टर मेलास्मा म्हणतात. पोट साफ नाही, रक्त खराब झालंय असं काही नसतं हो, हार्मोन्स, अनुवंशिकता आणि ऊन मिळून हे करतात.

मला दुसऱ्या बाळंतपणानंतर आले. मेडिकलमधून एक ट्यूब आणली, आठ दिवसांत चेहरा असा उजळला की मी मैत्रिणींना सांगत सुटले, आणि तिसऱ्या महिन्यात बंद केली तर गाल लालबुंद, नुसती आग आग, हनुवटीवर बारीक केस. स्टिरॉइड होतं त्यात. म्हणून मागच्या बारीक अक्षरांत बेटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल दिसलं तर मनाने लावू नका, आणि महिनोन्‌महिने लावतच असाल तर एकदम बंदही करू नका, स्किनच्या डॉक्टरांना विचारून हळूहळू सोडा.

खरं काम सनस्क्रीनचं. एसपीएफ ३० किंवा वरचं घ्या, तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापासून मुळापर्यंत दोन रेघा काढा, तेवढं चेहऱ्याला आणि मानेला लागतं, आपण लावतो ते वाटाण्याएवढं पुरत नाही. बाहेर असाल तर दर दोन तासांनी परत. खिडकीपाशी बसून काम करत असाल तरी लावा कारण काचेतून उन्हातले यूव्हीए किरण आत येतातच. जमलं तर आयर्न ऑक्साइडवालं टिंटेड, म्हणजे त्वचेसारखी रंगछटा असलेलं घ्या, नुसत्या उजेडानेही वांग गडद होतात आणि तो उजेड साध्या सनस्क्रीनने अडत नाही. स्कूटीवर स्कार्फ हवाच, पण सनस्क्रीनच्या वरून.

लिंबू, सोडा, घासणं बंद. त्वचा चिडली की डाग अजून काळा पडतो.

अझेलिक अॅसिड, हायड्रोक्विनोन वगैरे डाग फिके करणारी क्रीम डॉक्टर देतील तेवढेच दिवस. हायड्रोक्विनोन वर्षानुवर्षं लावलं तर त्वचा कायमची निळसर काळी पडू शकते. दिवस गेले असतील किंवा तसा विचार असेल तर आधी सांगा, काही क्रीम तेव्हा चालत नाहीत. फरक दिसायला दोन-तीन महिने जातात, म्हणून महिन्यातून एकदा त्याच खिडकीत, त्याच वेळी फोटो काढून ठेवा, रोज आरशात बघून काही कळत नाही आणि जीव मात्र खालीवर होतो.

आणि मान किंवा काखेतली त्वचा काळी, जाड, मखमलीसारखी झाली असेल तर ते वांग नव्हे, शुगर तपासून घ्या. पांढरा डाग असेल तर तो वेगळाच विषय, तिथे थांबू नका, कोड असेल तर लवकर सुरू केलेल्या उपचारांचा जास्त उपयोग होतो.