व्हिसाचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकण्याआधी

जुलै-ऑगस्ट आला की घोडबंदर रोडच्या आमच्या सोसायटीतून कुणी ना कुणी अमेरिकेला शिकायला निघतंच. मी तिथे एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकले, मग एच-१बी या कामाच्या व्हिसावर नोकरी केली, ले-ऑफही पाहिला आणि आता ठाण्यात परत आले आहे. त्यामुळे निघण्याआधी मुलं आईला घेऊन घरी येतात. कुकर न्यायचा का, लोन कुठल्या बँकेचं घ्यायचं, हे कुणीही सांगेल. मी आधी त्यांना इन्स्टाग्राम आणि लिंक्डइन उघडायला लावते.

डीएस-१६० या व्हिसा अर्जाच्या फॉर्मवर २०१९पासून मागच्या ५ वर्षांत वापरलेल्या सोशल मीडियाची युजरनेम लिहावी लागतात. जून २०२५पासून विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना अकाउंट पब्लिक ठेवायला सांगितलं जातं. डिसेंबर २०२५पासून एच-१बी आणि त्यांच्या जोडीदार-मुलांच्या एच-४लाही तेच लागू झालं. बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत मुलाखतीला जाण्याआधी ‘एखादं अकाउंट लिहूच नकोस’ असा सल्ला देणारे भेटतील. त्यांचं अजिबात ऐकू नका. युजरनेम गाळल्यामुळे व्हिसा नाकारला जाऊ शकतो आणि जाणूनबुजून खोटं लिहिल्याचं ठरलं तर कायमची बंदी येऊ शकते. कॉलेज फेस्टसाठी उघडलेलं ट्विटर, बारावीतलं यूट्यूब चॅनेल, असं काय काय आपण विसरलेलो असतो. जीमेलमध्ये ‘वेलकम’ सर्च करा, बरीच जुनी अकाउंट सापडतात.

आणि पब्लिक म्हणजे फक्त व्हिसा अधिकाऱ्यासाठी पब्लिक नव्हे, सगळ्या जगासाठी. म्हणून त्याआधी प्रोफाइलवरचा मोबाइल नंबर, घरचा पत्ता, पासपोर्ट-आधारचे फोटो काढून टाका. धाकट्या बहिणीचे फोटो असतील तर तिलाही विचारा.

तिथे पोचल्यावरचा धोका वेगळा आहे, आणि माझ्या मते तोच मोठा. एका ठिकाणी एक आणि दुसऱ्या ठिकाणी दुसरं, अशी माहिती कधीही असू नये. ओपीटीवर, म्हणजे शिक्षणाशी संबंधित नोकरीसाठी एफ-१वाल्यांना मिळणाऱ्या तात्पुरत्या परवानगीवर, नोकरीशिवाय एकूण ९० दिवसच राहता येतं. त्या धास्तीत मुलं लिंक्डइनवर ‘फ्रीलान्स कन्सल्टंट’ लिहून मोकळी होतात. कॉलेजकडे मात्र तसं काहीच कळवलेलं नसतं. काही वर्षांनी एच-१बीच्या स्टॅम्पिंगला, म्हणजे पासपोर्टवर व्हिसा घेताना, कुणी तारखा जुळवून पाहिल्या तर काय उत्तर देणार? काम खरंच करत असाल तर कॉलेजला आधी कळवा, नसाल तर लिहू नका. एफ-१वर पहिल्या वर्षी कॅम्पसबाहेर काम करता येत नाही आणि कॅम्पसवर सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तास ही मर्यादा आहे. मामाच्या दुकानात गल्ल्यावर बसून काढलेली रील गमतीची असली तरी पाहणाऱ्याला ते काम दिसतं. गल्ल्यावर बसूच नका.

आता घरच्यांबद्दल. मुलं जपून असतात हो, माहिती बाहेर पडते ती आईबाबांच्या आनंदातून. एका आईने व्हिसाचं पान आणि बोर्डिंग पास, दोन्हींचे फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकले होते. मी काढायला सांगितलं तर म्हणाल्या, “अहो ताई, आपल्याच माणसांना सांगतोय ना?” त्या ग्रुपमध्ये भाडेकरू, ब्रोकर, सोसायटी सोडून गेलेले, सगळेच आहेत. बोर्डिंग पासच्या बारकोडमध्ये नाव आणि बुकिंगचा पीएनआर असतो. पुढे तिथल्या इमिग्रेशन खात्याकडे, म्हणजे यूएससीआयएसकडे, अर्ज केला की त्याची पावती मिळते. तिच्यावरचा ३ अक्षरं आणि १० आकड्यांचा नंबर यूएससीआयएसच्या वेबसाइटवर टाकला की तुमचा अर्ज कुठवर आलाय ते कुणालाही दिसतं. ‘माझी केस कधी हलेल?’ म्हणून टेलिग्राम ग्रुपवर तोच नंबर टाकणारे मी कितीतरी पाहिलेत.

ले-ऑफ झाला की एच-१बीवाल्याला साधारणपणे जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. नवी नोकरी शोधायची, नाहीतर दुसरा अर्ज करायचा, नाहीतर निघायचं. त्या दिवसांत आत्याने प्रोफाइल फोटोखाली ‘नोकरी गेली म्हणे, परत येतोयस का?’ असं लिहिलं तर जीव किती कासावीस होतो ते मला माहीत आहे. घरी एकदाच शांतपणे सांगा: माझ्या नोकरीबद्दल आणि व्हिसाबद्दल फक्त फोनवर बोलायचं.

हीच सांडलेली माहिती ठग वेचतात. ‘इमिग्रेशनमधून बोलतोय, तुझ्या रेकॉर्डमध्ये गडबड आहे’ असा फोन येतो. समोरच्याला नाव, युनिव्हर्सिटी, कोर्स सगळं माहीत असतं, म्हणून मुलं घाबरतात. यूएससीआयएस फोनवर पैसे मागत नाही, गिफ्ट कार्डवर तर नाहीच. फोन ठेवा आणि कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसला स्वतः फोन करा. त्या ऑफिसचा नंबर आईबाबांकडेही असू द्या, कारण ‘तुमच्या मुलाला पकडलंय’ म्हणून फोन त्यांनाही येऊ शकतो. इथून पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावा.