शाळा व्यवस्थापन समिती निवडताना या चुका टाळा

जुलैत निंदणी जोरात असते. अशा दिवसांत सकाळी अकराला पालक सभा ठेवली की जिल्हा परिषदेच्या शाळेत दहा-बारा बापेच जमतात, आया शेतात. कुणीतरी आणलेली यादी वाचली जाते, "हेच राहू द्या" म्हणतात आणि पंधरा मिनिटांत समिती तयार! माझ्या मते खरी चूक इथेच होते, बाकीच्या तिच्यातून निघतात. सभा दिवेलागणीनंतर घ्या, नाहीतर आठवडे बाजाराच्या दिवशी, मजुरीला खाडा असतो तेव्हा.

शिक्षण हक्क कायदा, २००९ मधलं कलम २१ वाचून दाखवा. तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या महिला, आणि दुर्बल, वंचित घरांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. ज्याची पोरं तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातात तो गावात कितीही वजनदार असो, पालकांच्या जागेवर बसू शकत नाही. प्रत्येक नाव हजेरीपटाशी ताडून बघा.

यादीत बाई आणि सही नवऱ्याची, हे सर्रास चालतं. त्याहून वाईट म्हणजे "तिला बोलता येत नाही" म्हणून बाईला वगळणं. आमच्या समितीत एक ताई कित्येक महिने दाराजवळ गप्प बसायच्या. एकदा अध्यक्षांनी अहिराणीत विचारलं, तशा लगेच म्हणाल्या, "डाय नुसतं पानी शे." म्हणजे डाळ नुसती पाणी आहे. शाळेतल्या दुपारच्या जेवणात पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज २० ग्रॅम डाळ ठरलेली आहे. दुसऱ्या दिवशी त्यांच्यासमोर काट्यावर मोजली, तेव्हा कमीच भरली. इतके दिवस प्रमाण मराठीत बोलणाऱ्या आम्हा कुणालाच ते दिसलं नव्हतं.

ऊसतोडीला जाणारी घरं "दिवाळीनंतर इथं असतात कुठे?" म्हणून सोडू नका. शाळेतून गळतात ती बहुधा याच घरांतली मुलं. नातवंडं सांभाळायला मागे राहिलेली आजीही कायद्यानं पालकच ठरते. तिला घ्या. पोरांचं रात्रीचं जेवण, आजारपण तीच निभावते.

समिती आधीच चुकीची झाली असेल तर भांडत बसू नका. इतिवृत्ताची वही मागा. कोण सलग गैरहजर, कुणाचं मूल शाळा सोडून गेलं, कुणाच्या जागी दुसऱ्याची सही, ते तारखांसह उतरवून घ्या. मुख्याध्यापक समितीचे सचिव असतात. जागा पुन्हा भरण्यासाठी पालक सभा बोलवा, असा अर्ज त्यांना द्या आणि पोच घ्या. सोबत चार आयांच्या सह्या असू द्या.