कादंबरीचा आराखडा करताना या चुका टाळा

समजा, मुंबईतल्या १९८२च्या गिरणी संपावर कादंबरी लिहायची आहे. वहीत आराखडा उतरतो: १८ जानेवारीला संप सुरू, संपाचे नेते दत्ता सामंतांच्या सभा, ऑगस्टमध्ये मुंबईच्या पोलिसांचं आंदोलन, घरातली भांडी मोडीत, शेवटी गावाकडे परत. वाचायला भरगच्च वाटतं. पण ही सनावळी झाली, कथानक नव्हे.

सर्वांत जास्त आराखडे इथेच फसतात. घटना लिहिल्या जातात, माणसांचे निर्णय राहून जातात. दोन प्रकरणांची अदलाबदल करून पाहा. काहीच बिघडलं नाही, तर ती एकमेकांत गुंतलेलीच नाहीत. आता असं मांडा: बदली कामगार (कायम कामगाराच्या जागी तात्पुरता लागणारा) बायकोला न विचारता तिची पाटली गहाण टाकतो. तिला कळतं, ती दादरला धुणीभांडी धरते. (खानावळ काढायला लावू नका, जेवायला येणारे एकटे कामगार तर गावी निघून गेलेत.) घरात पैसा तिचा येऊ लागतो आणि तो दिवसभर युनियनच्या कचेरीत बसू लागतो. यातलं एकही प्रकरण जागचं हलवता येणार नाही.

शेवट इतिहासावर सोडणं ही दुसरी चूक, आणि या विषयात तर ती महागात पडते: हा संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. तेव्हा शेवट त्या नवराबायकोतच शोधावा लागेल. तो गावी निघाला, ती चाळीतली खोली सोडेल का? हे आधी ठरलं, तर पाटलीचं प्रकरण किती लांबवायचं तेही कळतं.

मधल्या दहा प्रकरणांपुढे ‘संघर्ष वाढतो’ एवढंच लिहिलं असेल, तर तो भाग अजून सुचलेला नाही. प्रत्येकापुढे लिहा: कोणाला काय हवं होतं, काय हातचं गेलं.

वयांचा तक्ता बहुतेक जण टाळतात. कोयनेच्या भूकंपाच्या दिवशी, ११ डिसेंबर १९६७ला जन्मलेला मुलगा संपाच्या वर्षी जेमतेम चौदाचा असतो. त्याला गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, उभा करून चालणार नाही.

लिहिताना पात्र आराखडा मोडून भलतीकडे गेलं, तर पुढची प्रकरणं नव्याने आखा. मागची मात्र पहिला खर्डा होईपर्यंत तशीच राहू द्या. काय बदलायचं ते समासात टिपून ठेवा.