मॅन्युअल गिअरबॉक्सचे तेल आणण्यापूर्वी काय काय पाहावे

गिअरबॉक्सचे तेल बदलणे हे फार मोठे काम नाही. पण कोणते तेल घालायचे याचा निर्णय गाडी जॅकवर चढवण्याच्या आधी, घाई नसताना आणि कागद-पेन हाताशी घेऊन करावा. पहिले काम म्हणजे गाडीची माहितीपुस्तिका उघडून तेलांच्या तक्त्यातली मॅन्युअल गिअरबॉक्सची ओळ जशीच्या तशी, एकही अक्षर न गाळता उतरवून घेणे. त्या ओळीत बहुधा तीन गोष्टी असतात: ७५डब्ल्यू-९० यासारखा दाटपणाचा ग्रेड, जीएल-४ यासारखी एपीआयची (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची) श्रेणी, यातले जीएल म्हणजे ‘गिअर लुब्रिकंट’, आणि लिटरमधले प्रमाण. काही उत्पादक या सगळ्याऐवजी स्वतःच्या मानकाचा क्रमांक छापतात. तसे असेल तर तो क्रमांकच अंतिम मानावा आणि बाकीच्या आकड्यांवरून अंदाज बांधत बसू नये. एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल गाड्यांना, किंवा पाच आणि सहा गिअरच्या गाड्यांना वेगवेगळे गिअरबॉक्स असू शकतात, म्हणून ओळ आपल्याच गाडीची आहे ना, हे इंजिन आणि उत्पादनवर्ष पाहून ताडून घ्यावे.

या तीन गोष्टींपैकी मधली, म्हणजे जीएलचा आकडा, हमखास सुटते. गेल्या वेळी माझ्याकडून तीच सुटली: ग्रेड जुळला एवढ्यावर समाधान मानून मी जीएल-४ मागणाऱ्या गिअरबॉक्समध्ये जीएल-५ तेल भरले, आणि दुसरा गिअर टाकताना खरखर होऊ लागल्यावर डब्याची मागची बाजू वाचली. म्हणून कागदावर जीएलचा आकडा ठळक लिहावा, त्याभोवती गोल करावा, आणि तेल विकत घेताना ग्रेडच्याही आधी तो आकडा वाचावा.

यात बिघडते काय, हे समजून घेतले की आकडा विसरला जात नाही. गिअर बदलताना दोन वेगवेगळ्या वेगांनी फिरणारे भाग एका वेगावर आणण्याचे काम सिंक्रोनायझर रिंग करते. ही रिंग बहुतेक वेळा पितळेची किंवा तशाच तांबेमिश्रित धातूची असते, आणि गिअरच्या शंकूवर दाबली जाऊन निव्वळ घर्षणाच्या जोरावर त्याचा वेग जुळवते. रिंगच्या आतल्या बाजूच्या बारीक खाचा मधला तेलाचा थर कापून बाजूला सारतात, तेव्हा कुठे पकड बसते. म्हणजे दात्यांना जे तेल पुरेसे निसरडे हवे, तेच तेल रिंगपाशी घर्षणाला थोडी जागा देणारे हवे, आणि हा तोल सांभाळण्यासाठीच गिअरबॉक्सची तेले वेगळी बनवली जातात.

जीएल-५ तेल मुळात हायपॉइड गिअरसाठी (ज्यांचे अक्ष एकमेकांना छेदत नाहीत असे तिरक्या दात्यांचे गिअर), म्हणजे मुख्यतः डिफरेन्शियलसाठी (वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) आहे. तिथे दाते एकमेकांवर प्रचंड दाबाखाली घासत सरकतात, त्यामुळे त्या तेलात गंधक आणि फॉस्फरस असलेली अतिदाबरोधक रसायने ढोबळमानाने जीएल-४ च्या दुप्पट असतात. पोलादी दात्यांवर ही रसायने उष्णतेने एक संरक्षक थर तयार करतात. पितळेच्या रिंगवर मात्र दोन प्रकारे नुकसान संभवते: एक तर पकड उशिरा बसते, वेग जुळण्याआधीच दाते एकमेकांना भिडतात आणि खरखर ऐकू येते, दुसरे म्हणजे सक्रिय गंधक तापलेल्या तांबेमिश्रित धातूवर रासायनिक क्रिया करून तिचा पृष्ठभाग हळूहळू झिजवू शकते. अलीकडच्या पुष्कळ जीएल-५ तेलांत धातूला कमी त्रास देणारी रसायने वापरतात, हे खरे आहे; पण त्याने फक्त गंजण्याचा प्रश्न सौम्य होतो, घर्षणाचा नाही. तेव्हा ‘हल्लीचे जीएल-५ सगळीकडे चालते’ असे कोणी कितीही खात्रीने सांगितले, तरी पुस्तिकेत जीएल-४ असेल तर जीएल-४ च घ्यावे.

मोठा आकडा म्हणजे वरचा दर्जा, हा समजही इथेच सोडून द्यावा. इंजिन ऑइलच्या श्रेणींत नवी श्रेणी बहुधा जुनीची जागा घेते. जीएल-४ आणि जीएल-५ यांचे नाते तसे नाही, ती दोन वेगळ्या कामांची तेले आहेत. उलटी चूकही तितकीच वाईट: जीएल-५ मागणाऱ्या हायपॉइड डिफरेन्शियलमध्ये जीएल-४ भरले, तर दात्यांचे संरक्षण अपुरे पडते. मागच्या चाकांना चाल देणाऱ्या गाडीत गिअरबॉक्स आणि डिफरेन्शियल वेगळे असल्याने दोन वेगळे डबे लागू शकतात, आणि दोन्हींवर ७५डब्ल्यू-९० च छापलेले असू शकते, म्हणून अदलाबदल होऊ नये यासाठी डब्यांवर मार्करने लिहून ठेवावे. आडवे इंजिन असलेल्या पुढच्या चाकांच्या गाडीत दोन्ही साधारणपणे एकाच आवरणात आणि एकाच तेलात असतात, पण तिथले डिफरेन्शियल सहसा हायपॉइड नसते, त्यामुळे ‘आत डिफरेन्शियल आहे, म्हणून जीएल-५’ हा तर्क लागू होत नाही. इंजिन उभे, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेल्या काही गाड्यांत मात्र हायपॉइड गिअर त्याच तेलात फिरतो आणि उत्पादक खरोखर जीएल-५ मागतो. शेवटी तर्क बाजूला ठेवून पुस्तिकेतला आकडाच पाळायचा आहे.

डब्यावर ‘जीएल-४/जीएल-५’ असे दोन्ही आकडे दिसले तर थांबावे. जीएल-५ च्या कसोट्यांना उतरण्यासाठी लागणारी रसायने त्यात असणारच, त्यामुळे सिंक्रोनायझरचा प्रश्न तिथे शिल्लक राहतो. गिअरबॉक्सच्या उत्पादकाने त्या तेलाला नाव घेऊन मान्यता दिली नसेल तर ते टाळावे. ‘जीएल-४ प्लस’ ही एपीआयची अधिकृत श्रेणी नाही. मर्यादित घसरणीच्या डिफरेन्शियलसाठीच्या तेलात घर्षण बदलणारी खास रसायने असतात, तेही गिअरबॉक्समध्ये नको. तेलाचा रंग आणि वास यांवरून श्रेणी ओळखता येत नाही.

आता ग्रेड. गिअर ऑइलचे आकडे एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या वेगळ्या मोजपट्टीवरचे आहेत, त्यामुळे ९० हा आकडा पाहून ते तेल इंजिन ऑइलच्या दुप्पट दाट आहे असे समजू नये. १०० अंश सेल्सिअसला ९० ग्रेडचा दाटपणा १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक्स (दाटपणाचे एकक) असतो, म्हणजे जवळपास ४० किंवा ५० ग्रेडच्या इंजिन ऑइलइतकाच. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागण्याचा आहे: दाटपणाची एकच कमाल मर्यादा ७५डब्ल्यू तेलाला उणे ४० अंशांवर, ८०डब्ल्यू तेलाला उणे २६ अंशांवर आणि ८५डब्ल्यू तेलाला उणे १२ अंशांवर पाळावी लागते. म्हणूनच ७५डब्ल्यूच्या जागी ८५डब्ल्यू भरले, तर थंडीत पहिले काही किलोमीटर गिअर जड पडतात. आवाज कमी व्हावा म्हणून मुद्दाम दाट तेल घालणेही टाळावे. झिजलेले बेअरिंग त्याने दुरुस्त होत नाही आणि सिंक्रोनायझरचे काम मात्र अवघड होते. काही गिअरबॉक्स ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइडवर, काही इंजिन ऑइलवर चालतात. पुस्तिकेत तसे असेल तर विश्वास ठेवावा. सिंथेटिक की खनिज हा प्रश्न जीएल आणि ग्रेड या दोन्ही गोष्टी जुळल्यानंतरचा.

पुस्तिकेतल्या प्रमाणापेक्षा अर्धा लिटर जास्त घ्यावे. प्लगचे नवे वॉशर, योग्य मापाचे पाने, तेल ओढून भरायचा पंप किंवा लांब नळी, आणि पसरट भांडे. डबा उघडण्याआधी जीएलचा आकडा पुन्हा एकदा कागदाशी ताडून पाहावा. सीलबंद डबा बदलून मिळू शकतो, उघडलेला नाही.

काम सुरू करताना आधी भरायचा प्लग सैल होतो का, ते पाहावे, कारण तो जाम निघाला आणि तेल आधीच काढून टाकलेले असले तर गाडी जागच्या जागी अडकते. गाडी थोडी चालवून तेल कोमट करावे, समपातळीवर घेऊन स्टँडवर ठेवावी, नुसत्या जॅकवर नाही. तेल पूर्ण निथळू द्यावे. तेल काढायच्या प्लगला चुंबक असेल तर त्यावरचा बारीक काळा लगदा नेहमीचा. पितळी चमक किंवा धातूचे तुकडे दिसले तर मेकॅनिकला दाखवावे. बहुतेक गिअरबॉक्समध्ये भरायच्या छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत तेल यावे लागते, काहींत मोजूनच भरायचे असते, पुस्तिकेत पाहावे. जादा तेलाने फेस होतो आणि सील गळतात.

चुकीचे तेल आधीच भरले गेले असेल तर ते काढून योग्य तेल भरावे, काही दिवस गाडी चालवावी आणि पुन्हा एकदा बदलावे, कारण कोपऱ्याकोपऱ्यांत जुने तेल राहते. काढलेले तेल बंद डब्यात भरून वापरलेले तेल स्वीकारणाऱ्यांकडे द्यावे. तारीख, किलोमीटर, ग्रेड आणि जीएलचा आकडा गाडीच्या कागदांत नोंदवून ठेवावा.