लाकडाचा कल ओळखून कोरताना
कोरण्याआधी ओंडका काही दिवस नुसता न्याहाळावा, कारण मनातला आकार लाकडावर लादला की ते बहुधा दगा देते. ओल्या ओंडक्याच्या दोन्ही टोकांना मेण लावून तो सावलीत ठेवावा. टोकांतून ओलावा सर्वांत वेगाने उडतो आणि चिरा तिथूनच पडू लागतात. पटाशी, म्हणजे कोरायची छिन्नी, लाकडातल्या तंतूंच्या रेषांच्या उताराच्या दिशेने चालवावी. पाते अडखळून तंतू उचकटू लागले, तर जोर न वाढवता दिशा उलटी करावी. मग ढलपी पातळ, गुंडाळत निघते आणि खालचा पृष्ठभाग पॉलिश न करताही चकाकतो. गाठ मात्र शक्यतो राखावी. तिथे एकेकाळी फांदी होती, तंतू तिला वळसा घालून गेलेले असतात, आणि मूर्तीच्या खांद्याचा उंचवटा तिच्याभोवती बसवला तर तो जिवंत वाटतो, असा माझा अनुभव आहे.